सदतिसावं पान

रद्दीच्या दुकानातल्या ढिगातून एक ओळखीची रहस्यकथा उपसून रुपालीने उभ्याउभ्याच सदतिसावं पान काढायला घेतलं. छत्तीसनंतर एकदम एकोणचाळीस. मधलं पान ब्लेडने अगदी सरळ कापलेलं होतं.

मुरबाडच्या बाजारपेठेतल्या तिच्या लहानशा वाचनालयातून वर्षभरात अकरा रहस्यकथा गेल्या होत्या. चोर कोण, ते म्हणे शेवटच्या प्रकरणात कळेल, अशी सभासद थट्टा करत. कमिटीला मात्र थट्टा सुचत नव्हती. किल्ली झाडलोट करणाऱ्या भिमीकडे असते, म्हणजे चोर तीच, असं धरून तिला सोमवारपासून काढायचं ठरलं. "मला वाचताच येत नाय, मी पुस्तकं कशाला नेऊ?" एवढंच भिमी म्हणाली. ते कुणी मनावर घेतलं नाही.

रुपाली ग्रंथपाल होती, आणि कपाटातल्या रहस्यकथा तिने नुसत्या लावल्या नव्हत्या, वाचल्याही होत्या. वाचनालयाचा एक बारीक शिक्का आतल्या ज्या ठरावीक पानावर शिवणीजवळ मारलेला असतो, तेच गुप्त पान. इथलं गुप्त पान सदतिसावं, हे दोघांनाच ठाऊक होतं. एक ती, आणि दुसरे तिला हे काम शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले पंढरीकाका. कोडं सुटल्याचा आनंद तिला फार वेळ झाला नाही. ही रद्दी वैशाखऱ्याहून आली, असं दुकानदाराने सांगितलं. काकांचं गाव तेच.

काकांच्या घरी ओटीवर तिने पुस्तक पुढे ठेवलं, तेव्हा काकांनी ते उघडलंसुद्धा नाही.

"सुनेनं रद्दीत घातलं वाटतं. पण तू शोधलंस कसं गो?"

तिने सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा खुलत गेला, आपल्या हाताखालची पोरगी तयार झाली म्हणून. रुपालीला त्यांचा भयंकर राग आला.

"न्यायची होती तर सभासद व्हायचं, काका."

"तीस वर्षं लोकांचे अर्ज भरून घेतले. स्वतःचा भरायला हात धजला नाय. तुला भेटायला आलो की एखादं पिशवीत टाकायचो." मग म्हणाले, "आणि शिक्का दिसला की चोरी केल्यासारखं वाटायचं. म्हणून कापायचो."

तिला हसू येता येता राहिलं. सोमवारपासून भिमीला काढणार आहेत, हे तिने सांगून टाकलं.

"भिमीला? ती कशाला नेईल?"

"किल्ली तिच्याकडे असते."

काकांनी पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. मग आणखी कुणाला सांगितलंस का, असं त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. नको सांगूस, असं ते म्हणाले असते तर आपण काय केलं असतं, हे तिला खरंच माहीत नव्हतं.

ते आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा सदरा होता आणि हातात उरलेल्या दहा पुस्तकांची पिशवी.

"आधी भिमीच्या घरी जाऊ," ते म्हणाले. "कमिटी मागनं."