जे आहे ते पुरावं

मंगळवारी सकाळी कुमुदताई पोंक्ष्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना ‘पुरे’ म्हटलं आणि त्या पिशव्या स्वयंपाकघराच्या फरशीत गेल्या. फरशी फुटली नाही की हलली नाही. सायीखाली चमचा जावा तशा त्या गेल्या, आणि वर पुन्हा तीच पांढरी फरशी, तिच्यावरचा हळदीचा जुना डागही जागच्या जागी.

कुमुदताईंनी आधी हात जोडले. मग वाकून फरशीवरून तळवा फिरवला. कोरडी होती.

याचं मूळ आदल्या संध्याकाळच्या कीर्तनात होतं. राममंदिरात सप्ताह चालला होता आणि कुमुदताईंनी गेल्या कित्येक वर्षांत सप्ताहाचा एकही दिवस चुकवला नव्हता. झांज वाजली की त्यांच्या पायांना चपला सापडत नसत, इतकी घाई व्हायची. त्या दिवशी बुवांनी पूर्वरंगात साधेपणाचा विषय घेतला. ‘‘पुराचं पाणी ओसरलं की नदीकाठच्या झाडांकडे बघून या,’’ बुवा म्हणाले. ‘‘फांद्यांना काय लटकलेलं असतं? फळं नव्हेत. आपण घरी आणलेल्या पिशव्या!’’ मंडप हसला, आणि हसताहसताच गप्प झाला. मग उत्तररंगात त्या दानशूर राजाची कथा लागली, ज्याच्या दारी बटू आला आणि तीन पावलं जमीन मागता झाला. दोन पावलांत सगळं संपलं. तिसऱ्याला पृथ्वी पुरली नाही. राजानं मस्तक पुढं केलं तेव्हा कुमुदताईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. आरतीला उभं राहताना बुवा म्हणाले, ‘‘मंडळी, एवढंच घरी न्या. जे आहे ते पुरावं.’’

पण नेमका तेव्हाच माइक खरखरला. ‘पुरावं’ म्हणाले की ‘पुरवावं’, ते कुमुदताईंना नीट कळलं नाही. घरी येऊन प्रसादाचं अर्धं खोबरं त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवलं आणि विचारलं.

‘‘पुरावं म्हणजे?’’ त्रिंबकराव खोबरं चावत म्हणाले. ‘‘पुरून उरावं, की खड्ड्यात पुरून टाकावं?’’

‘‘तुम्हांला सगळ्याची थट्टा.’’

‘‘थट्टा नाही, व्याकरण.’’

त्रिंबकराव पोस्टातून निवृत्त झालेले होते आणि त्यांच्या बोलण्यात दोन शब्द सदा असत, ‘लागेल कधीतरी’. आइस्क्रीमचे रिकामे डबे, हॉटेलच्या जेवणाबरोबर आलेले चमचे, औषधांच्या बाटल्या, रबरं, एक बिघडलेला मिक्सर, सगळं लागणार होतं. ‘पुरे’ हा शब्द मात्र त्यांनी जन्मात उच्चारला नव्हता. स्वतःच्या लग्नात वाढपी दमला पण नवरदेव थांबला नाही, ही गोष्ट सासरी अजून सांगत.

तर मंगळवारी त्रिंबकराव भाजीला गेलेले असताना कुमुदताईंना त्या शब्दाची रीत कळली. ज्याच्याकडे बघून म्हणावं ते फरशीत जाई, आणि त्यानंतर त्या वस्तूवाचून काही अडत नसे. चमचे गेले. डबे एकावर एक रचलेले होते तसेच, टोपीखाली टोपी, उतरत गेले. मिक्सरला जरा वेळ लागला, वायर शेवटी गेली. मग त्यांनी आंघोळीला एकच बादली भरून घेतली. तिच्यात आंघोळ झाली, दोन लुगडी निघाली, तुळशीला घातलं, तरी बादलीत पाणी होतं. साबणाची वडी झिजली नाही. पावशेर डाळ शिजवली ती पातेल्यात पातेलंभर झाली.

पण खाली दुसऱ्यांचं घर आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी खालच्या मजल्यावर फोन लावला.

‘‘सावंतवहिनी, तुमच्याकडे वरून काही आलं का हो?’’

‘‘काय यायचं होतं?’’

‘‘पिशव्या. आणि एक मिक्सर.’’

‘‘नाही हो काकू. छताला ओल आलीय थोडी, पण ती जुनीच.’’

कुमुदताईंना हायसं वाटलं. त्या दाराकडे वळल्या. दारामागे खिळ्याला पिशव्यांची पिशवी टांगलेली होती. लग्नानंतर वर्षभरात ती तिथे आली आणि तेव्हापासून फुगतच होती. दार पुरतं उघडेनासं झालं होतं. कुमुदताईंनी तिला नमस्कार केला, कारण ती घरातली जुनी होती, आणि ‘पुरे’ म्हटलं. ती खिळ्यावरून उतरली, फरशीवर बसली, आणि एकेक पिशवी पुढं करत आत गेली. दार भिंतीला जाऊन टेकलं.

त्याच दारातून त्रिंबकराव आले. दोन्ही हातांत नव्या पिशव्या.

‘‘कापडी पिशवी न्या म्हटलं होतं ना!’’

‘‘तो देतोय तर कशाला सोडा? लागेल कधीतरी.’’ त्यांनी सवयीनं दारामागे हात घातला आणि नुसताच खिळा चाचपला. ‘‘इथली पिशवी कुठाय?’’

‘‘पुरली.’’

‘‘पुरली म्हणजे संपली नाही ना?’’

‘‘संपली नाही. पुरली.’’

‘‘मग आहे कुठे?’’

कुमुदताईंनी फरशीकडे बोट दाखवलं. त्रिंबकराव फरशीकडे बघत राहिले. मग त्यांनी कपाटं उघडली, माळ्यावर बघितलं, आणि एक रिकामं खोकं पोटाशी धरून स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहिले.

‘‘माझे डबे? चमचे? बुवांच्या नादानं घर धुऊन काढलंस! आज डबे, उद्या मी. मलाही घाल की फरशीत. मीही जुनाच आहे, कोपऱ्यात पडूनच असतो—’’

‘‘पुरे झालं तुमचं!’’ कुमुदताई म्हणाल्या. संसारात त्या हे हजारदा म्हणाल्या असतील.

त्रिंबकराव गुडघ्यांपर्यंत खाली गेले.

त्यांना काही दुखलं नाही. त्यांनी खोकं उंच धरलं, एवढंच. लेंग्याचा वरचा भाग फरशीवर पसरला आणि ते हळूहळू खाली जातच राहिले.

‘‘अहो!’’ कुमुदताईंनी त्यांचा दंड धरला. ‘‘अजून जाताय का?’’

‘अजून’ म्हणताक्षणी ते थांबले. थांबले आणि बोटभर वर आले. त्यांच्या शेजारी फरशीतून दुधाची एक पिशवी वर आली, धुतलेली होती तशीच.

कुमुदताईंना कळलं आणि कळलंही नाही. त्या म्हणाल्या, ‘‘अजून.’’ त्रिंबकराव आणखी बोटभर वर, आणि मूठभर चमचे. ‘‘अजून.’’ डब्यांची चळत छतापर्यंत गेली. न्हाणीघरात बादली रिकामी झाल्याचा आवाज आला. ‘‘अजून, अजून.’’ खिळ्यावर पिशव्यांची पिशवी येऊन फुगली आणि दार धाडकन लागलं. मिक्सर आला, पण आता दोन होते. पातेल्यातली डाळ मात्र पातेलंभरच राहिली, ती कशी कोण जाणे. कुमुदताई दम घ्यायला थांबल्या तर त्रिंबकराव पुन्हा खाली जाऊ लागले.

‘‘अगं, हा डबा!’’ ते मात्र खूश होते. ‘‘याचंच झाकण मी शोधत होतो. म्हणत नव्हतो, लागेल?’’

‘‘तुम्ही पाय उचला आधी.’’

‘‘पाय आहेत असं वाटतच नाही. गार आहे खाली, छान आहे. तुझ्या बुवांचा आवाज येतोय बघ तिथून.’’

कुमुदताईंनी कान दिला. फरशीखाली झांज वाजत होती. राममंदिर शेजारच्या आळीत होतं आणि सप्ताहातलं कीर्तन संध्याकाळी असे. आत्ता दुपार होती. आवाज कालच्याच कथेचा होता. बुवा विचारत होते, तिसरं पाऊल कुठं ठेवू?

एरवी त्या धावतच गेल्या असत्या. आज त्यांनी ‘अजून’ म्हटलं, म्हणजे तो आवाज झाकला जाईल. झाकला गेला. खिडकीही गेली, तिथे आता बाटल्या होत्या. त्रिंबकराव घोट्यांपर्यंत वर आले होते आणि एका डब्यावर बसले होते. पिशव्या कुमुदताईंच्या कमरेला लागत होत्या. आणखी म्हणत गेलं तर पाय सुटतील, पण आणखी म्हणत गेलं तर उभं राहायला जागा उरणार नाही. एवढं त्यांना दिसत होतं. काय करायचं ते दिसत नव्हतं. देवघर कुठे होतं तेही आठवेना; कोपऱ्यात नुसता निरांजनाचा उजेड होता, पिशव्यांमागून येणारा.

‘‘भूक लागली,’’ त्रिंबकराव म्हणाले.

हे तर करता येण्यासारखं होतं. कुमुदताईंनी ताट घेतलं, मीठ-लिंबू वाढलं, भाताची मूद, त्यावर वरण, तूप. ताट त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. त्रिंबकराव जेवले. भरभर, नेहमीसारखे.

‘‘अजून वाढू का?’’ कुमुदताईंनी विचारलं. तोंडातून गेलंच, बायका विचारतातच.

त्रिंबकराव केसभर वर सरकले. खोकी आली, आणि पिशव्या कुमुदताईंच्या छातीला लागल्या.

‘‘वाढ,’’ ते म्हणाले.

त्यांनी वाढलं. ते जेवले. आता न विचारलं तर ते खाली जाणार होते. एक घोटा आधीच दिसेनासा झाला होता.

‘‘अजून वाढू का हो?’’

पिशव्या त्यांच्या गळ्याशी आल्या. पळी धरलेला हात त्यांनी डोक्यावर उचलून धरला. पायांखाली एकच फरशी मोकळी होती, हळदीच्या डागाची.

त्रिंबकरावांनी ‘वाढ’ म्हणायला तोंड उघडलं आणि बायकोकडे बघितलं. बहुधा सकाळपासून पहिल्यांदाच. पिशव्यांच्या वर तिचं तोंड, कपाळावर बुक्का, आणि त्याच्या वर पळी, वरण ठिबकणारी. त्यांनी चहूकडे बघितलं. डब्यांकडे बघितलं, झाकणासकट. मग त्यांनी जे केलं ते कुमुदताईंनी उभ्या संसारात बघितलं नव्हतं. पाची बोटं पसरून त्यांनी तळहात ताटावर आडवा धरला.

‘‘थांबा,’’ कुमुदताई म्हणाल्या. ‘‘अहो, बघून म्हणा. कोणाकडे बघून म्हणताय ते बघा.’’

‘‘खोक्यांकडे बघू?’’

‘‘मी खोक्यांच्या मधेच आहे.’’

‘‘मग ताटाकडे?’’

‘‘ताट तुमच्या मांडीवर आहे.’’

त्रिंबकरावांनी विचार केला. खालून झांज पुन्हा ऐकू येऊ लागली होती, आता अगदी जवळून, फरशीच्या पाठीला लागून.

‘‘मग डोळे मिटून म्हणतो,’’ ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांनी कोणाकडे बघितल्यासारखं होतं, हे कुमुदताईंना विचारायचं होतं. पण त्यांच्या तळपायांखालचा हळदीचा डाग विरजलेल्या दह्यासारखा मऊ झाला होता, पळीच्या टोकाशी वरणाचा थेंब लोंबत होता, आणि त्रिंबकरावांचे दोन्ही ओठ ‘प’साठी मिटले होते.