नाडीचा बूट लग्नाला गेला

मित्रांनो, मी एक जुना काळा बूट आहे, उजव्या पायाचा. माझा तळ झिजला आहे, जीभ वाळून वाकडी झाली आहे. पण नवा असताना मी एका लग्नाला गेलो होतो. त्या दिवसाइतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

अकोल्याच्या ताजनापेठेत एका कारागिराने मला आणि माझ्या डाव्या जोडीदाराला शिवले. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून असलेल्या बुधाजीने आम्हाला घरी नेले. तो रोज आम्हाला स्वतः पॉलिश करी आणि मग कौतुकाने आमच्याकडे पाहत बसे.

कचेरीतल्या देवरावने त्याला बहिणीच्या लग्नाचे आवतण दिले. दोघेही बाळापूरजवळच्या एकाच गावचे, आणि लग्न तिथल्या मोठ्या गल्लीत देवरावच्या घरी होते. त्या गल्लीतून बुधाजीच्या लोकांनी चपला हातात घेऊन चालायचे, अशी जुनी रीत होती. बुधाजीचे घर बौद्ध होऊन दोनेक वर्षे झाली होती. गावाने मात्र रीत सोडली नव्हती.

निघताना त्याच्या बायकोने, मैनाने, जुन्या चपला पुढे सारल्या.

"आवो, ह्या घाला. कोनं अडवलं तं झटकन काढता येतीन. बुटाच्या नाड्या सोडाले येळ लागते."

बुधाजीने चपला हलकेच बाजूला सारल्या. मग म्हणाला, "मैना, मले लग्नाचं आवतन हाये. झटकन काढाले कशाले घालू? बूटच घालतो."

तिने डोळे पुसले. तो बोलला धीराने, पण त्याचा पाय घामाने ओला झाला होता. ते फक्त आम्हाला कळले.

गल्लीत ओट्यावर माणसे बसली होती. त्यांतले म्हातारे किसनराव ओरडले, "काहून रे बुधा, गाव भुलला का? पायात काय हाये थे पाह्य जरा!"

बुधाजी थबकला. तो खाली वाकला आणि त्याची बोटे माझ्या नाडीवर आली. गाठ सैल झाली. माझा जीवच गेला. पण त्याने नाडी ओढली आणि गाठ पुन्हा घट्ट मारली.

"नाडी ढिली झाल्ती, काका," तो म्हणाला आणि चालू लागला.

मांडवाच्या तोंडाशी सारे पाहुणे पायातले काढत होते. त्यानेही काढले. तो आत गेला आणि आम्ही त्या ढिगात एकटे पडलो. थोड्याच वेळात ओट्यावरचे दोन जण आले. एकाने जोडीदाराला भिंतीकडे लाथाडले, दुसऱ्याने मला काठीने उचलून नालीत टाकले. चिखल माझ्या आत शिरला. आता बुधाजी अनवाणी परत जाणार, याच धास्तीने मी तिथे पडून राहिलो.

जेवणे उरकल्यावर बुधाजीने भिंतीपाशी जोडीदाराला आणि नालीत मला शोधून काढले. देवराव धावत आला, त्याचा चेहरा उतरला होता.

"बुधा, मायी चूक झाली. ह्या माह्या चपला घालून जाय."

"नाही देवराव. तुह्या चपला घातल्या तं लोक म्हनतीन, देवरावनं याले वाट देल्ली. पानी दे फक्त."

त्याने मला धुतले. भर गल्लीत, सगळ्यांसमोर, दगडावर बसून नाड्या बांधल्या. त्याचा पाय थरथरत होता, मी खोटे बोलणार नाही. तसाच तो ओट्यासमोरून चालत गेला.

गल्लीच्या टोकाला बुद्धवाड्यातले म्हातारे नत्थुजी चपला काखेत धरून उभे होते. त्यांनी बुधाजीकडे पाहिले, मग ओट्याकडे पाहिले. आणि चपला खाली टाकून त्यांनी हळूच पाय आत सरकवले.

"चाल बाप्पा," ते म्हणाले, "मी येऊन राहिलो."

मित्रांनो, बूट ओले झाले तर सावलीत वाळवा, तडकू देऊ नका. आणि तुमच्या दारावरून कोणी जात असेल, तर त्याच्या पायांकडे पाहू नका. तोंडाकडे पाहून "या, बसा" म्हणा.