खुर्ची नावाची सवत

मी मास्तरांची काठी. माझी कहाणी सांगायला बसले आहे, पण ती थोडी जळून सांगणार, हे आधीच कबूल करते. लाकडाची आहे, जळणं माझ्या जातीतच आहे.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. पलंगाच्या पायासाठी आणलेलं लाकूड उरलं होतं, त्यातून मला काढलं. सुताराचे शर्ट मास्तर शिवायचे. मास्तरांचा गुडघा धरू लागला, तसं त्याने मला तासलं, मूठ गोल केली, खाली रबराचं बूच बसवलं आणि म्हणाला, "घ्या मास्तर. लाजू नका."

मास्तर लाजलेच. सुरुवातीला मी कपड्यांच्या गाठोड्यामागे उभी असायचे आणि समोरच्या शिलाई मशीनकडे बघून धुमसायचे. तरुणपणापासून मास्तरांचे पाय त्या मशीननेच आपल्याकडे ठेवून घेतले. गुडघे तिनेच खाल्ले. तरी रोज सकाळी तेल कुणाला, तर तिला. फडकं कुणाला, तर तिलाच. मग एकदा दुकानाची पायरी उतरताना त्यांचा तोल गेला आणि आधारासाठी मागे आलेला हात माझ्यावर पडला. कात्री धरून धरून त्यांच्या अंगठ्याखाली घट्टा पडला होता. तो माझ्या मुठीवर असा बसला, जणू माप घेऊनच मला केलं होतं. त्या दिवसापासून तो हात माझा झाला.

मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली आपा म्हणते. दुकानामागच्या खोलीत बसून त्या आयुष्यभर काज-बटणं करत आल्या. दोघांना पवित्र शहरी जायचं होतं, उमऱ्याची यात्रा करायची होती. लेकीचं लग्न, मग घराचं छप्पर, मग कुणाचं आजारपण, असं करत करत दरवेळी राहून गेलं. शेवटी या वर्षी निघायचं पक्कं झालं.

निघण्याआधी सगळ्या यात्रेकरूंना एका हॉलमध्ये बोलावलं होतं. सोबत येणाऱ्या नर्सबाई समोर उभ्या राहून समजावत होत्या. बाई निवृत्त झालेल्या, आवाज अजून वॉर्डातला. "नवी चप्पल नेऊ नका. नेणार असाल तर आजपासून घालून फिरा. गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, हाताशी ठेवा. हॉटेलचा पत्ता गळ्यात घाला. तहान लागायची वाट बघू नका, पाणी पीत राहा. चुकामूक झाली तर एकमेकांना शोधत फिरू नका, ठरलेल्या जागी जाऊन थांबा. आणि ज्यांना चालवत नाही त्यांनी सरळ चाकाची खुर्ची घ्या. तिथे तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही."

सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. मास्तरांनी मला घट्ट धरलं. "आम्हाला खुर्ची नको. आमची सोय आहे," ते म्हणाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, असं म्हणायला मला मांस नाही, पण पॉलिश नक्कीच चकाकलं असेल.

आपांनी मान डोलावून सगळं ऐकलं. घरी लेकीने दिलेल्या नव्या कोऱ्या सँडल खोक्यात होत्या. त्या खोक्यातच राहिल्या. "त्या जागी पहिल्यांदा घालीन," आपा म्हणाल्या. मास्तरांनीही टोकलं नाही.

विमानतळावर एका कर्मचाऱ्याने मास्तरांपुढे खुर्ची आणली. काळी, चकचकीत, चाकं कशी तेलात भिजल्यासारखी फिरत होती. मास्तरांनी हाताने नको म्हटलं. मी तिच्या अंगावरून अशी ठकठकत गेले की तिला ऐकू जावं.

प्रवासात यात्रेच्या रीतीप्रमाणे मास्तरांनी दोन पांढरी, न शिवलेली कापडं नेसली. आपा म्हणाल्या, "आज तुमच्या धंद्याला सुट्टी."

"आयुष्यभर टाके घातले," मास्तर म्हणाले, "आणि मालकाकडे जाताना एक टाका चालत नाही."

उतरल्यावर बस, बसमधून हॉटेल, हॉटेलपासून मशिदीपर्यंतचा लांब रस्ता. नव्या सँडल घातलेल्या आपा मागे पडू लागल्या. मशिदीच्या दाराशी सँडल काढल्या, तेव्हा टाचांची कातडी सोलवटली होती आणि बोटांवर फोड टरारले होते. संगमरवरावर एक पाऊल टाकलं आणि त्या खालीच बसल्या.

"तुम्ही जा," त्या मास्तरांना म्हणाल्या. "तुमचं पुरं करून या. मी इथून बघते."

"इथून भिंत दिसते," मास्तर म्हणाले.

"मग भिंत बघते. जा तुम्ही."

आपांचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं वाट बघून बाई दारात अडकली होती. मास्तर हलेनात. नर्सबाई आल्या, पायांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "नवी ना?" आणि कुठूनशी खुर्ची घेऊन आल्या.

"मी नाही बसायची," आपा म्हणाल्या. "धडधाकट बाई खुर्चीत. लोक काय म्हणतील?"

मास्तर खाली वाकले. वाकताना गुडघा कटकन वाजला. "अगं, हॉलमध्ये मीही हेच म्हणालो होतो. दोघांनी मिळून आणखी किती अक्कल पाजळायची? बस."

आपा बसल्या. खुर्ची ढकलायला एक मजूर पुढे आला, पण मास्तरांनी त्याला खुणेने थांबवलं. आणि मग त्यांनी जे केलं ते माझ्या जिवाला अजून टोचतं. त्यांनी मला खुर्चीच्या पाठीला आडवं अडकवलं आणि दोन्ही हातांनी तिच्या मुठी धरल्या. दोन्ही हातांनी. मला कधी दोन हात मिळाले नव्हते.

वरच्या मजल्यावर खुर्च्यांना फेरे घालायला वेगळी वाट होती. तिथून अल्लाहचं घर खाली दिसत होतं आणि त्याभोवती माणसांचा भोवरा. सगळे वर हात करून काहीबाही मागत होते. मी मात्र मास्तरांची चाल बघत होते. त्या मुठींवर भार टाकून ते सरळ चालत होते, लंगडत नव्हते. माझ्यासोबत ते असे कधीच चालले नव्हते.

"दमलात का?" आपांनी विचारलं.

"नाही. तू समोर बघ."

"तुम्ही दिसत नाही ना मला, म्हणून विचारते."

"मग बोलत राहा. मी उत्तर दिलं की समज, मी आहे."

आपा बोलत राहिल्या. दुआ मध्येच थांबवून विचारायच्या, "आहात?" मागून आवाज यायचा, "आहे." त्यानंतर दोन टेकड्यांमध्ये फेऱ्या मारायच्या असतात, तिथेही तेच. शेवटी मास्तर तिथेच जमिनीवर बसले, आपांचे पाय आपल्या पांढऱ्या कापडावर घेतले आणि फोडांवर फुंकर घालू लागले. दोघंही रडत होते. मी त्यांच्या डोक्यावर लटकत होते आणि त्या खुर्चीच्या लोखंडाला गंज चढावा अशी प्रार्थना करत होते. त्या जागी असं मागू नये, हे मला कळत होतं.

परत आल्यापासून यात्रेला निघालेले लोक सल्ला विचारायला मास्तरांकडे येतात. टेप गळ्यात टाकून ते समजावतात, चप्पल, पाणी, गोळ्या, आणि मग खुर्चीचं पुराण. "बिनधास्त बसा. ढकलणाऱ्यालाही आधार होतो." माझं नाव निघत नाही.

परवा पानवाल्याच्या आई आल्या. पुढच्या महिन्यात निघणार आहेत, एकट्याच, गटाबरोबर. मास्तरांनी मला उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

"तुम्हाला लागेल की," आपा म्हणाल्या.

मास्तरांनी हात आपांच्या खांद्यावर ठेवला, भार टाकून बघितला. "चालवून घेईन," ते म्हणाले. आपांनी खांदा जरा उंच धरला.

आता मी या आजींच्या घरी, भरलेल्या बॅगेशेजारी उभी आहे. त्यांचा हात मऊ आहे, मूठ सैल धरतात. सवय होईल. मी पुन्हा तिकडे चालले आहे, यावर दुकानातली ती मशीन काय म्हणत असेल, या विचाराने थोडं बरं वाटतं.

तुम्ही निघणार असाल तर जुनी चप्पल न्या, पाणी पीत राहा. पाय थांबले तर खुर्चीत बसा, हे मला, मला सांगावं लागतंय. फक्त बसल्यावर आम्हाला पाठीमागे अडकवू नका. मांडीवर घ्या. आम्हालाही समोरचं बघायचं असतं.