गोधड्या, पेट्या आणि मी

मी फुटकर मालाचा ट्रक बोलतोय. ज्याचा माल ट्रकभर नसतो, त्याचा माल मी नेत असे. कुणाची दहा पोती, कुणाची चार खोकी, कुणाचं एकच यंत्र. सगळं एका हौद्यात बसवायचं आणि ज्यानं जेवढी जागा घेतली तेवढंच भाडं त्यानं द्यायचं. ट्रान्सपोर्टवाले याला ‘पार्ट लोड’ म्हणतात. धुळे, जळगाव आणि इंदूर या तीन गावांमध्ये माझं आयुष्य गेलं.

कारखान्यातून मी निघालो तो नुसता सांगाडा. ना केबिन, ना हौदा. फळीवर बसून, तोंडाला रुमाल बांधून एका ड्रायव्हरनं मला धुळ्याला आणलं. मालेगाव रोडवरच्या वर्कशॉपमध्ये माझा लाकडी हौदा बांधला गेला. माझे मालक नासीरभाई रोज संध्याकाळी येऊन फळ्यांवर हात फिरवून जात. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून त्यांनी मला घेतलं होतं. रंग त्यांच्या बायकोनं, जैनबनं निवडला. पोपटी. ती म्हणाली, “हायवेवर लांबून ओळखू आला पाहिजे.”

सुरुवातीला मीही एकाच मालकाचा भरगच्च माल न्यायचो. सिमेंट, नाहीतर कांदा. एकदा इंदूरला निघालो असताना सोनगीरच्या फाट्यावर एक तांबट भांड्यांनी भरलेलं बारदान घेऊन उभा होता. येणाऱ्या प्रत्येक ट्रकला तो हात करत होता आणि एकही थांबत नव्हता. हौद्यात मागं थोडी जागा होती. नासीरभाईंनी ब्रेक दाबला. त्या दिवसापासून आमचा धंदा बदलला.

फुटकर माल नेणं सोपं नाही. प्रत्येकाला वाटतं, आपला माल नाजूक आणि दुसऱ्याचा दणकट. प्रत्येकजण म्हणतो, माझं वर ठेवा. सगळ्यांचंच वर कसं ठेवणार? नासीरभाई कुणाशी वाद घालत नसत. ऐकून घेत, मान डोलवत आणि मग स्वतःला हवं तसं रचत.

एका वर्षी मात्र त्यांना दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे रचावं लागलं. त्याच फेरीची गोष्ट मला सांगायची आहे.

गुढीपाडव्याचा आदला दिवस होता. जळगावला डाळ मिलची पोती भरून झाली होती. तेवढ्यात एक पंचावन्न-साठीची बाई रिक्षातून उतरली. मागं कापडी गाठोडी रचलेली दुसरी रिक्षा. या लताबाई. बोदवडजवळच्या खेड्यातल्या. घरची केळीची शेती. दुपारच्या वेळी गल्लीतल्या बायकांना जमवून त्या गोधड्या शिवत. इंदूरमध्ये पाडव्याला एक नवं दुकान उघडणार होतं आणि त्या दुकानानं त्यांना पहिली मोठी ऑर्डर दिली होती.

“तीन जणांनी मले परत पाठवलं,” त्या म्हणाल्या. “गाडी भरत असेल तर या म्हणे. भाऊ, तुम्ही नेता का?”

“नेतो की अक्का.”

“मग मी बी येते संगं. बायांनी सारा हिवाळा बसून टाके घातले. दुसऱ्याच्या भरवशावर कशी सोडू?”

नासीरभाईंनी केबिनमधली खिडकीजवळची जागा पुसून दिली.

दुपारी धुळ्याला पोचलो. तिथं नईमभाईंच्या पेट्या भरायच्या होत्या. नईमभाई पत्र्याच्या पेट्या बनवत. लग्नसराईत मुलीला द्यायच्या, निळ्या रंगाच्या, झाकणावर फुलं रंगवलेल्या. मोठ्या पेटीत लहान पेटी बसवून पाठवायची त्यांची पद्धत, म्हणजे जागा कमी लागते. मागच्या खेपेला इंदूरच्या व्यापाऱ्यानं चेपलेल्या पेट्या परत केल्या होत्या. म्हणून या वेळी ते स्वतःच सोबत येणार होते.

“नासीरभाई, पेट्या पुढं, केबिनच्या पाठीशी लावायच्या,” ते म्हणाले. “आणि वर काही म्हणजे काही ठेवायचं नाही.”

“वर फक्त गोधड्या ठेवतो. मऊ माल आहे.”

“मऊ असला तरी वजन आहेच ना? पत्रा दबतो. नाही ठेवायचं.”

लताबाई शेजारीच उभ्या होत्या.  गाठोडी मागं सरकली, अगदी फाळक्याला, मागच्या उघडत्या फळीला टेकली. वरून ताडपत्री ओढली, दोर आवळला आणि आम्ही निघालो.

एरवी नासीरभाई आणि नईमभाई हिंदीत बोलत. त्या दिवशी केबिनमध्ये अक्का होत्या म्हणून दोघं मराठीत बोलत होते.  नईमभाई दर थोड्या वेळानं मागच्या खिडकीतून पेट्या पाहत. लताबाई रस्त्याकडं पाहत.

शिरपूर मागं टाकलं आणि आभाळ काळं झालं. पळासनेरच्या अलीकडं वारा इतका सुटला की माझा हौदा डगमगायला लागला. मग गारा सुरू झाल्या. माझ्या केबिनच्या टपावर मुठीमुठीनं खडे फेकावेत तशा. मागची ताडपत्री फडफडली, एक कडी तुटली आणि मग ती डाळीच्या पोत्यांपर्यंत उभी फाटत गेली; पुढच्या पेट्यांवरची तेवढी शाबूत राहिली. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं? नासीरभाईंना आरशात फाटकं टोक दिसलं तेव्हा त्यांनी मला एका ढाब्यासमोर नेऊन उभं केलं.

गारा थांबल्या. तिघं उतरून मागं आले. ढाब्याचा मालक जीवराम डोक्यावर गोणपाट घेऊन धावत आला.

“बठ्ठं वलं व्हयी गयं का, भाऊ?” त्यानं अहिराणीत विचारलं, सगळं ओलं झालं का म्हणून.

फाळका खाली केला. दोन गाठोडी पार भिजली होती. बाकीच्यांचं वरचं कापड ओलं होतं, आत अजून पाणी गेलं नव्हतं. लताबाईंनी एका गाठोड्यात हात घालून पाहिला आणि तो तसाच आत ठेवून त्या उभ्या राहिल्या. डोंगराकडून दुसरा ढग येत होता.

“जीवरामभाऊ, आत जागा होईल का?” नासीरभाईंनी विचारलं.

“छप्पर गळी राह्यनं. गिऱ्हाईकच उभं शे आत.”

नासीरभाईंकडं एक जादा ताडपत्री होती, पण लहान. ती हातात घेऊन ते हौद्याकडं पाहत राहिले. डाळीची पोती झाकली तर गोधड्या उघड्या पडत होत्या. गोधड्या झाकल्या तर डाळ भिजत होती.

“डाळीचा मालक इथं नाही,” ते हळूच म्हणाले. “नाही म्हणून त्याचा माल कसा भिजू देऊ, अक्का?”

“डाळ झाका भाऊ,” लताबाई म्हणाल्या. “खायाची वस्तू हाये. माह्या गोधड्यांचं मी पाहीन.” पण पाहणार काय आणि कसं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. 

तेवढ्यात नईमभाई पुढं झाले. ते हौद्यावर चढले. पेट्यांचा दोर त्यांनी सोडला. वर लावलेले वर्तमानपत्राचे कागद काढले. एका मोठ्या पेटीचं झाकण उघडून आतली लहान पेटी उचलून बाहेर ठेवली.

“अक्का, द्या ते गाठोडं.”

नासीरभाई खालून म्हणाले, “नईमभाई, विचार करा. लहान पेट्या उघड्यावर पडतील. अजून गारा आल्या तर चेपतील. तुमचा तो सेठ घेणार नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

“पेटी कशासाठी बनवतो मी? आत काहीतरी ठेवायलाच ना?” नईमभाईंनी हात पुढं केला. “दुपारी मीच मागं ढकलायला लावली ही गाठोडी. द्या लवकर, ढग आला.”

मग चौघंही कामाला लागले. जीवराम खालून देत होता, नासीरभाई वर घेत होते, लताबाई भराभर घड्या मोडून नव्या घालत होत्या आणि नईमभाई एकेका पेटीचं झाकण लावून कडी अडकवत होते. लाल, हिरव्या, पिवळ्या गोधड्या निळ्या पेट्यांत नाहीशा झाल्या. भिजलेली दोन गाठोडी तेवढी वेगळी ठेवली. लहान पेट्या मागं फाळक्याजवळ, जिथं आधी गोधड्या होत्या तिथं रचल्या गेल्या.

दुसऱ्या गारा आल्याच. त्या लहान पेट्यांच्या पत्र्यावर आपटल्याचा आवाज मी ऐकला. केबिनमध्ये बसलेल्या नईमभाईंनीही ऐकला. ते मागच्या खिडकीतून पाहत नव्हते. पुढं पाहत होते. लताबाईंनी पिशवीतून दशम्या काढल्या, त्यांच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, “खा.” त्यांनी खाल्ल्या.

पाडव्याच्या सकाळी इंदूरला दुकानासमोर पेट्या उघडल्या तेव्हा आतल्या सगळ्या गोधड्या कोरड्या निघाल्या. ओल्या होत्या त्या लताबाईंनी दुकानाच्या गच्चीवर उन्हात पसरल्या. मालकीणबाईंनी त्याही घेतल्या. पुढं पेट्यांच्या व्यापाऱ्याकडं गेलो. मोठ्या पेट्या त्यानं उतरवून घेतल्या. लहान पेट्यांच्या झाकणांवर खळगे पडले होते, रंग उडाला होता. त्यानं एकेक पाहिली आणि एकेक बाजूला ठेवली. त्या आम्ही परत आणल्या.

येताना लताबाई म्हणाल्या, “नईमभाऊ, या पेट्या मले द्या. फुकट नको.”

“चेपलेला माल मी विकत नाही, अक्का.”

“मग काय करसाल?”

“ठोकून सरळ करीन.”

 मला वाटलं, विषय संपला. पण काही आठवड्यांनी मी जळगावला निघालो असताना नईमभाईंनी त्याच पेट्या माझ्यात आणून ठेवल्या. खळगे काढलेले, वरून नवा रंग, पण फुलं पुन्हा रंगवलेली नव्हती. नासीरभाईंना म्हणाले, “अक्कांना सांगा, या विकायच्या नाहीत आणि भेटही नाही. गोधड्या यात भरून पाठवायच्या. माल उतरला की रिकाम्या पेट्या गाडीतून परत घ्यायच्या. फाटली ताडपत्री तर फाटू दे.”

त्यानंतर कित्येक वर्षं त्या पेट्या माझ्यातून जात-येत राहिल्या. पुढच्याच खेपेला त्यातली एक पेटी लताबाईंनी जड करून धुळ्याला पाठवली. आत एक जाड गोधडी होती. निरोप होता की पत्रा ठोकताना नईमभाऊ नुसत्या फरशीवर बसतात, त्यांना खाली टाकायला. नईमभाईंनी ती खाली टाकली नाही. ती त्यांच्या आईच्या अंगावर गेली. हे लताबाईंना कळलं तेव्हा त्यांनी दुसरी पाठवली आणि बजावून सांगितलं, “ही बसायचीच.”

माझं वय होत गेलं. चढावर दम लागायला लागला. रस्त्यावर मोठमोठे बंद कंटेनर धावू लागले. एका मोठ्या कंपनीचा माणूस नासीरभाईंकडं येऊन म्हणाला होता, “वर्षभर फक्त आमचाच माल न्या, बाकीची कटकट सोडा.” नासीरभाईंनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. जैनब त्यांच्यावर थोडी चिडली. मग तीच म्हणाली, “नाहीतरी तुम्हाला एकट्याचा माल नेऊन करमलं नसतं.”

गेल्या वर्षी माझं फिटनेस सर्टिफिकेट झालं नाही. भंगारवाला येऊन माझ्याभोवती फिरून गेला. इंजिन त्यानं नेलं, चाकं नेली, चेसिसही नेली. हौद्यापाशी आल्यावर मात्र नासीरभाईंची मुलगी सबा आडवी आली. आता नव्या गाडीचं काम तीच बघते. फोनवरून कुणाचा किती माल आहे ते विचारते आणि गाडी भरेल असं जुळवते. तिनं माझा हौदा ऑफिसच्या मागं विटांवर ठेवून घेतला आणि वर पत्रे टाकून घेतले. ज्यांची गाडी चुकते किंवा ज्यांच्या वाटेवरचा बाकीचा माल अजून जमायचा असतो, त्यांचा माल माझ्यात थांबतो. मी कुठं जात नाही. माल जातो.

तुम्हाला एकच विनंती. कधी फुटकर माल पाठवलात तर भरताना आपल्या मालाच्या शेजारी कुणाचा माल आहे, ते एकदा विचारा. नाव विचारा, गाव विचारा. रस्त्यात काय होईल ते सांगता येत नाही.

आज सकाळीच अरिबा नावाची एक मुलगी स्कूटीवर आली होती. नुकताच तिनं मेणबत्त्यांचा धंदा सुरू केलाय, तसं तिनं सबाला फोनवर सांगितलं होतं. पायाशी एकच खोकं. ते उतरवायचं की नाही अशा विचारात ती फाटकातच घुटमळत होती.

सबानं आतून पाहिलं. खुर्ची सरकवून ती बाहेर आली, खोकं स्वतःच उचललं आणि माझ्यात आणून ठेवलं. मग थोडा विचार करून तिनं ते उन्हाच्या कवडशातून काढलं आणि सावलीच्या कोपऱ्यात सरकवलं.