जांभळा दात

मास्तरांच्या वरच्या डाव्या पटाशीच्या दाताला एक खाच होती. चव्वेचाळीस वर्षांच्या शिवणकामात त्यांनी दोरा तोडायला कैची क्वचितच घेतली. दोरा दातात धरायचा, मान जराशी वाकडी करायची, टक्. खाच इतकी नेमकी झिजली होती की दोरा आपोआप तिथेच जाऊन बसे.

त्या सोमवारी ते एका प्रवासी बॅगेला चेन बसवत होते. दोरा नायलॉनचा, तिपेडी. काजं-बटणं करणारी त्यांची बायको समोरच्या स्टुलावर बसून उशीर झालेल्या एका पँटचा विषय काढत होती. तिला उत्तर देता देता मास्तरांनी दोरा तोंडात धरला आणि तो डाव्याऐवजी उजव्या दाताखाली गेला. टक् झालं. दोरा मात्र शाबूत होता.

दाताचा तिरका तुकडा मापाच्या वहीवर पडला. मास्तरांनी तो कागदात गुंडाळला, टाचण्यांच्या डबीत ठेवला आणि चेन पुरी केली. पुढचे चार आठवडे ते तोंडावर हात धरून बोलले आणि गार पाणी एका गालाने प्यायले.

दाताच्या डॉक्टरकडे न जाण्याचं कारण बाजारात सगळ्यांना माहीत होतं. वीस वर्षांपूर्वी एका डॉक्टरने माप घ्यायला त्यांच्या तोंडात ओल्या लगद्याने भरलेला लोखंडी साचा कोंबला होता. लगदा घशाकडे ओघळला, मास्तरांचा श्वास अडकला. ते डॉक्टरच्या बोटाला चावले आणि तोंडात साचा, गळ्यात लाळेरं अशा अवतारात भर बाजारातून पळत दुकानात आले. तेव्हापासून कानाला खडा.

पाचव्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरीणबाई आपला पांढरा कोट न्यायला आल्या. दुकानापासून चार इमारती सोडून त्यांचा दवाखाना होता. खांदे नीट बसले का, हे त्यांनी आरशात पाहिलं आणि वळून म्हणाल्या, "मास्तर, हात काढा बघू."

"कशावरचा?"

"तोंडावरचा."

बायको म्हणाली, "दाखवा की अहो. खिडकीत उजेड चांगला आहे. गिऱ्हाइकाला कापड दाखवता तसा दाखवा."

डॉक्टरीणबाईंनी मोबाइलचा दिवा लावून पाहिलं. "चीर वर सरकतेय. अजून हिरडीच्या बाहेर आहे. आता कॅप बसवली तर दात राहील. महिन्याभरात आत गेली तर काढावाच लागेल."

"तो लगदा..."

"माझ्याकडे लगदा नाही. तुमच्या तोंडात मी लगदा घातला, तर माझी खुर्ची उचलून दुकानात आणा."

"खुर्ची आणून काय करू? तिच्यावर काजं करायची का?" असं म्हणाले खरे, पण गुरुवारी सकाळी दहाला मास्तर दवाखान्यात हजर होते. बायको बरोबर होती आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. पळायची वाट अडवून.

गळ्यात कागदी लाळेरं आलं. मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. डॉक्टरीणबाईंनी हिरडीला गोडसर जेल लावलं, थोडं थांबल्या, मग पेनासारखं काहीतरी ओठाजवळ नेलं. बाजूच्या छोट्या यंत्रातून टिक टिक ऐकू येत होती. मास्तरांनी डोळे मिटले आणि मनात आकडे मोजायला घेतले. एकशे ऐंशीला त्यांचा धीर संपला.

"बाई, सुई कधी टोचणार?"

"टोचून झाली. काढूनसुद्धा झाली. औषध थेंब थेंब सोडलं की कळत नाही. आणि ते थेंब यंत्र मोजतं, माझा अंगठा नाही."

मास्तरांनी ओठाला बोट लावून पाहिलं. ओठ दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

दात कोरायला पंचवीस मिनिटं लागली. आवाज होता, पण कर्कश नव्हता, एकसारखी घरघर. मध्ये थांबल्यावर मास्तर बधिर तोंडाने म्हणाले, "मशीनला तेल वेळेवर घालता."

"रोज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग माप घ्यायची वेळ आली. मास्तरांचे खांदे कानांपर्यंत चढले. डॉक्टरीणबाईंच्या हातात जाडसर टूथब्रशएवढी कांडी होती, टोकाला दिवा. "घशाकडे जाणार नाही. हा फक्त कॅमेरा आहे. पडद्याकडे बघा."

कांडी दातांवरून हवेत फिरली. समोरच्या पडद्यावर आधी एक दात उगवला, मग शेजारचा, मग हिरडीची किनार. टाके पडावेत तशी एकामागून एक अख्खी रांग तयार झाली. डॉक्टरीणबाईंनी चित्र फिरवलं, तेव्हा मास्तरांना आपले दात आतल्या बाजूने दिसले. जन्मात कधी पाहिले नव्हते. कोरलेला दात मध्ये लहानसा खुंट होऊन उभा होता.

"झालं माप," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"टेप कुठे लागला?"

"उजेडच टेप."

"एका कोटाला मी चौदा मापं घेतो. तुम्ही किती घेतली?"

"मोजली नाहीत. हजारोंच्या घरात असतील."

"आणि फरक किती धरायचा?"

"केसाच्या जाडीइतकासुद्धा नाही."

आयुष्यभर मास्तरांनी प्रत्येक माप अर्धं बोट सैल ठेवलं होतं. माणूस श्वास घेतो, जेवतो, म्हणून. त्यांचे खांदे कधी खाली आले, हे बायकोच्या लक्षात आलं, त्यांच्या आलं नाही.

शेजारच्या खोलीत काचेची पेटी होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्यात दात घडवायची, खोडरबराएवढी जांभळी वडी अडकवली. दोन बारीक सुया दोन्ही बाजूंनी वडीला भिडल्या, पाण्याचे फवारे उडाले. मास्तर तोंडातला खुंट बोटाने चाचपत, काचेला नाक लावून उभे राहिले. सुया कुठेही अडखळत नव्हत्या. बाराव्या मिनिटाला वडी संपली आणि दात उरला. जांभळा, पण दातच.

"अहो, तोंडातलं बोट काढा," बायको म्हणाली. "आता ते काम डॉक्टरांचं."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, दात चिमटीत धरून खिडकीशी नेला. कडेवरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"बाई, याला खाच आहे."

डॉक्टरीणबाईंनी दात हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. "माझी चूक. तुटलेल्या दाताचा आकार माहीत नसतो, म्हणून कॉम्प्युटर शेजारच्या दाताची उलटी नक्कल करतो. तुमच्या डाव्याला खाच, म्हणून याला पण. पडद्यावर मीच बघायला हवं होतं."

मास्तरांच्या पोटातून हसू आलं. बधिर ओठामुळे ते एका बाजूनेच बाहेर पडत होतं आणि लाळेऱ्यावर लाळ ओघळत होती.

"काय झालं यांना?" डॉक्टरीणबाई घाबरल्या.

"कोट आठवला असेल," बायको म्हणाली. "शिकाऊ होते तेव्हा उस्तादांनी यांना एक जुना कोट दिला. म्हणाले, याच्यासारखा हुबेहूब नवीन शिव. यांनी शिवला. कोपरावरच्या ठिगळासकट."

"ठिगळाचा रंगसुद्धा जुळवला होता," मास्तर म्हणाले. "उस्तादांनी तीन वर्षं मला ठिगळ्या म्हणून हाक मारली." त्यांनी काचेच्या पेटीवर हात ठेवला. "याला रागावू नका. नमुना दिला तसा शिवला. पहिल्यांदा असंच होतं."

"दुसरा करायला तासभर लागेल. थांबाल ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि नकळत दाराकडे पाहिलं.

मास्तरांनीही पाहिलं. दार उघडं होतं. बायको कधीच खुर्ची सोडून काचेपाशी येऊन उभी होती.

"खाच ठेवली तर?" त्यांनी विचारलं. "दोन्हीकडून दोरा तोडता येईल."

"तोडाल आणि हा दातही जाईल. मग कॅप बसवायला खाली काही उरणार नाही."

मास्तरांनी खुंटावरून जीभ फिरवली. "मग उसवा आणि नवीन शिवा. मी बसतो."

"डाव्याचीही भरून टाकू का?"

"ती राहू दे. ती मशीनने नाही केलेली."

"राहू देते. पण तिच्यात पुन्हा दोरा दिसला, तर माझे कोट दुसरीकडे शिवायला टाकीन."

दुसरी वडी लागली. या वेळी मास्तरांनी पडद्यावर स्वतः कड तपासली आणि मान हलवली. बारा मिनिटांनी सरळ कडेचा जांभळा दात निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो लहानशा भट्टीत ठेवला. भट्टी उघडली तेव्हा जांभळा रंग गेला होता. मास्तरांनी दात खिडकीशी नेला, कापडाला दोरा जुळवतात तसा शेजारच्या दाताला लावून आरशात पाहिला. चहाने पिवळटलेला त्यांचा स्वतःचा रंग, तोच. ते बराच वेळ आरसा धरून होते. इतकं जुळलेलं रीळ त्यांना चव्वेचाळीस वर्षांत फार वेळा सापडलं नव्हतं.

दात चिकटवून झाला. मास्तरांनी हळूच दात मिटले. कुठे टोचलं नाही, कुठे उंच लागलं नाही.

"नवीन कुठला, तेच जिभेला कळत नाही," ते पुटपुटले.

खाचेचा जांभळा दात त्यांनी मागून घेतला आणि खिशात टाकला. रस्त्यावर पन्नास पावलं गेल्यावर बायको थांबली.

"अहो, लाळेरं!"

ते अजून गळ्यात होतं. बाजारातले दोघेतिघे बघत होते. मास्तरांनी ते सावकाश काढलं, घडी घातली आणि म्हणाले, "देऊन येतो."

"कागदाचं आहे ते. टाकून द्या."

"त्यांचं आहे," म्हणून ते मागे वळले.

दहा मिनिटं झाली तरी ते आले नाहीत, म्हणून बायको बघायला गेली. काचेच्या पेटीत दुसऱ्या कुणाचा तरी दात घडत होता. मास्तर हात पाठीमागे बांधून, उस्तादांच्या मागे उभे राहायचे तसे उभे होते. तिने हाक मारली नाही. तीही शेजारी जाऊन उभी राहिली.