स्तामेन्काची उन्हातली खुर्ची

मी एक जुनी, बीचच्या लाकडाची आरामखुर्ची आहे. मित्रांनो, सर्बियाच्या डोंगरात क्षयरोग्यांचं एक आरोग्यधाम होतं, तिथे मी कामाला लागले. माणसाला उन्हात निजवायचं, एवढंच माझं काम. अठरा वर्षांची स्तामेन्का माझ्यावर वर्षभर निजली, सायीचं दूध प्यायली आणि खडखडीत बरी झाली. तिला रोज सुईही टोचत, पण नाव झालं ते माझं. आरोग्यधाम मोडलं तेव्हा तिनेच मला घरी आणलं.

पुढे तिची मुलगी लुबिंका शहरातून खोकत परत आली. डॉक्टरांनी सार्कोइडोसिस सांगितला होता. या रोगात अंगातलं कॅल्शियम वाढतं, म्हणून ऊन टाळायचं, दूध कमी करायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, असं चिठ्ठीत लिहून दिलं होतं.

"आई, हा क्षय नाही गं," लुबिंका म्हणाली.

"छातीचं दुखणं मला शिकवू नकोस. मी भोगलंय ते. नीज गुमान."

लुबिंका पस्तिशीची झाली होती, तरी आईपुढे तिचं कधी चाललं नाही. गोळ्यांनी तोंड सुजतं म्हणून स्तामेन्काने त्या चुलीत टाकल्या. रोज माझ्यावर उन्हात निजणं, दोन तांबे दूध आणि पावावर बोटभर साय. लुबिंकाला सारखी तहान लागे, सारखं लघवीला उठावं लागे. रोग धुऊन निघतोय, असं आई शेजारणींना कौतुकाने सांगे. मीही फुशारले होते. पुष्कळ वर्षांनी मला कुणी कामाला लावलं होतं.

पानगळीत लुबिंकाला उलट्या सुरू झाल्या. इस्पितळात कळलं, दोन्ही मूत्रपिंडांत रोगाच्या गाठी होत्या आणि कॅल्शियम साचलं होतं. ती पुन्हा सुधारली नाहीत. आता आठवड्यातून तीनदा यंत्र तिचं रक्त गाळतं. ऊन आणि दूध कुणी दिलं, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आईकडे न बघता ती म्हणाली, "मलाच आवडायचं."

त्या दिवशी स्तामेन्का कुऱ्हाड घेऊन माझ्यापाशी आली. माझा एक हात तिने तोडला आणि मग मटकन माझ्यावरच बसली.

"मला वाचवलंस," ती म्हणाली, "मग माझ्या पोरीने तुझं काय घोडं मारलं होतं?"

लाकडाला तोंड नसतं, मित्रांनो. नाहीतर मी सांगितलं असतं, बाई, तुलाही मी वाचवलं नव्हतं. तुला वाचवलं त्या सुईने. फुकटचा मान मी इतकी वर्षं मिरवला, आणि त्याची किंमत लुबिंकाने मोजली. मला खुशाल जळणात घाला. पण आजाऱ्याला माझ्यावर निजवण्याआधी त्याची चिठ्ठी शेवटपर्यंत वाचा.