चामडं बाहेर

"चामडं तर नाही ना याच्यात कुठं?"

प्रयागबाईनं विचारलं आणि मुनाफच्या तोंडून निघून गेलं, "नाही जी."

गेलं ते गेलं. म्हातारी समाधानानं बाजाराकडं वळली. उद्या गोरज मुहूर्तावर तिच्या नातीचं लग्न. घर जैनांचं, चौकात देव मांडलेले, म्हणून चौकात चामडं चालणार नव्हतं. ताशे, अन्सारचा मोठा ढोल, सगळं दाराबाहेर राहणार. नवरी चौकात येईल तेव्हा आत फक्त मुनाफची बासरी.

एकटी.

मालेगावपासून किन्हीराजापर्यंत किती लग्नांत त्यानं गाल फुगवले होते! ऐकली कुणी नव्हती. सगळी बासरी ढोल गिळायचा. आसेगावात तर एका वरबापानं सरळ विचारलं होतं, "हा मानूस काडी तोंडात धरून काहून उभा आहे?"

बासरी कामठीच्या छावणीतून आलेली, जुनी, काळ्या लाकडाची. काही भोकं बोटांनी झाकायची. उरलेल्यांवर चाव्या, आणि प्रत्येक चावीच्या वाटीत एक इवलीशी गादी. गादी भोकावर गच्च बसली तर सूर, नाहीतर फूस.

आणि गाद्या बकरीच्या कातड्याच्या. ढोल मढवताना उरलेला तुकडा अन्सारनंच दिला होता. मुनाफनं तो घासून घासून पातळ केला होता.

त्याची बायको लतीफा ओसरीवर पतंग चिकटवत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"चावीखाली कोन पाह्यते अजी?"

"म्हातारीनं बासरीकडं नाही पाह्यलं. माह्या तोंडाकडं पाह्यलं."

"मंग जा, सांगून या. हाय चामडं म्हना."

मुनाफ उठला. दारापर्यंत गेला. परत आला. सांगितलं तर बासरीही ढोलाजवळ, दाराबाहेर. त्यानं सुई घेतली आणि एकेक गादी उचकटायला लागला.

रेशीम. लखीरामच्या कापडदुकानात.

"किडे उकळून काढतेत ते. जैनाच्या घरी नेतं का बावा?" लखीराम म्हणाला.

"मंग नवरीचा शालू?"

"तो त्यायचा शालू. तू तुही बासरी पाय."

मेण. हातात मळता मळता मधमाश्या आठवल्या. गोळा चुलीत.

रबर. सायकलच्या फाटक्या ट्यूबचं. बसलं झकास, पण वैशाखाच्या उन्हात असं चिकटलं की चावी उठेचना. एकच सूर, बैल हंबरल्यासारखा. मुनाफनं तुकडे ओरबाडून अंगणात भिरकावले. मग तेच वेचत बसला, कारण कोंबडी खाईल. मग तेही सोडून बाजारात गेला, कशासाठी ते वाटेत विसरला, परतला.

"बसा ना एका जागी," लतीफा म्हणाली. "हिंदूच्या लग्नात बाशिंग कायचं असते?"

"भेंडाचं."

"भेंड झाडाचं का जनावराचं?"

मुनाफनं पायात चपला सरकवल्या.

बाशिंगवाल्याकडून भेंडाची कांडी आली. वस्तऱ्यानं चकत्या पडल्या. भेंडातून हवा जाते, म्हणून वर पतंगाचा कागद, आणि कागदाला जवसाचं तेल. तेल वाळलं की कागद हवा धरतो, हे लतीफाला ठाऊक होतं. तिनं लाल कागद उचलला.

"पांढरा घे ना."

"लालच. दिसन मस्त."

"चावीखाली कोन पाह्यते?"

"मी पाह्यते ना!"

चकत्या उन्हात ठेवल्या. तेल वाळायला दोन दिवस हवेत, आणि दोन दिवस नव्हते. मुनाफ त्यांच्या भोवती फिरत राहिला. माशी हाकली. फुंकर घातली. बोट लावलं, ठसा उमटला, स्वतःलाच शिवी दिली.

दुसऱ्या दुपारी गाद्या बसवल्या. सगळी भोकं झाकून त्यानं बासरीत बिडीचा धूर सोडला. दोन ठिकाणांहून धूर निघाला. एक फट दाबून बुजली. दुसरी, करंगळीजवळची, काही केल्या बुजेना. धुराची दोरी शांतपणे वर जात राहिली. म्हणजे वरचे सूर लागणार, खालचे नाही.

सूर्य कलला होता.

लग्नघराच्या दारात अन्सार ढोल गळ्यात घालून उभा. नात्यानं मामेभाऊ, आवाजानं सगळ्या गावाचा.

"वा रे मुनाफ! आमचं चामडं बाहेर अन् तुहं आत? तुह्या वाट्यातलं मीच देल्लं ना बे?"

आत प्रयागबाई लगबग करत होती. मुनाफनं खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली. वाळलेल्या जुन्या गाद्या, ज्वारीच्या लाह्यांएवढ्या. त्यानं त्या अन्सारच्या तळहातावर ओतल्या.

"हे धर. बाहेरच ठेव."

अन्सारनं बासरी ओढून घेतली. एक चावी उचलून पाहिली. खाली लाल कागद.

"वाजते?"

"अर्धी."

"अर्ध्या बासरीपायी एवढा जीव काढला?"

"हो."

अन्सारनं बासरी परत दिली. गाद्या कोटाच्या खिशात टाकल्या.

नवरी आली. मुनाफ अनवाणी चौकात उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आधी शांतता होती. त्यानं फुंकलं.

सूर निघाला. बायकांच्या बांगड्या थांबल्या. पण चाल खाली उतरू लागली तशी नुसती हवा आली, फूस. मुनाफनं तिथूनच चाल वळवली. पुन्हा उतरायची वेळ आली, पुन्हा वळवली. ओलसर कागद प्रत्येक चावीला धरायचा, सोडताना चट् वाजायचा. एवढा बारीक आवाजही आज ऐकू येत होता. कानशिलं तापली.

मग आणखी एक आवाज. गूं... बारीक, घुमल्यासारखा. आणखी कुठली फट? त्याचं बोट चावीवर घट्ट झालं. आवाज बासरीतून नव्हता. दारातून होता. बासरीच्या सुरानं ढोल आपोआप घुमत होता.

प्रयागबाईनं मान दाराकडं वळवली.

मुनाफनंही पाहिलं. अन्सार उंबऱ्याबाहेर खाली बसला. ढोल मांडीवर आडवा घेतला, दोन्ही हातांची मिठी घातली आणि दोन्हीकडच्या कातड्यांवर तळवे दाबून धरले.

घुमणं थांबलं.

मुनाफनं चाल पुन्हा वरून घेतली. नवरी पाटावर बसेपर्यंत तो वाजवत राहिला. तोवर अन्सारच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला होता. पुसायला त्यानं हात उचलला नाही.